क्वेरी चुकते कुठं? वर्डप्रेसमधली डेटाबेसची अडचण शोधण्याची वाट

दिवाळीच्या तोंडावर लातूर बाजारात सोयाबीनची आवक जोरात असते. त्याच दिवसांत एका संध्याकाळी अडत दुकानातल्या मुनीमकाकांचा फोन आला. त्यांच्या दुकानासाठी मी वर्डप्रेसवर रोजच्या भावाची साईट करून दिली होती. "सर, सोयाबीनचा भाव शून्य दाखवायलाय की हो. लोक फोन करून विचारायलेत, फुकट घ्यायलात का म्हणून."

मी लॅपटॉप उघडला आणि भाव दाखवणारी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला दिलेली आज्ञा, तपासायला बसलो. दोन रात्री तिला उलटीपालटी केली. तिच्यात काहीच चूक नव्हती. चूक भलतीकडे होती. सुरुवातीलाच डेटाबेसला विचारलं असतं, की बाबा तुझ्यापर्यंत नेमकं काय पोचलं, तर पाच मिनिटांत सापडली असती. ती भानगड सहाव्या पायरीत सांगतो.

परभणी, हिंगोली, बीड, जालना इकडं वर्डप्रेस शिकून शाळेची, पतसंस्थेची, दुकानाची साईट हातात घेतलेली बरीच मुलं-मुली आहेत. प्लगइन टाकता येतं, थीम बदलता येते. पण स्वतः लिहिलेली पहिली क्वेरी अडली, की पुढं काय ते कळत नाही. त्यांच्यासाठी हे लिहितोय. इंग्रजी आज्ञा आणि फाईलींची नावं मी फोनवर सांगतो तशी देवनागरीत लिहिली आहेत, टाईप करताना इंग्रजीतच करा.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. कोडमध्ये तुम्ही लिहिलेली क्वेरी आणि डेटाबेसपर्यंत गेलेली क्वेरी एकच असेल असं नाही. मधे पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती) असतं, वर्डप्रेस असतं, एखादं प्लगइन असतं आणि फॉर्म भरणारा माणूसही असतो. तपासायची ती गेलेली क्वेरी.

हाताशी काय पाहिजे

- होस्टिंगचं लॉगिन, म्हणजे सीपॅनल किंवा तुमच्याकडं जे असेल ते, आणि त्यातलं पीएचपीमायॲडमिन, म्हणजे ब्राउझरमधून डेटाबेस बघायचं साधन
- फाईल मॅनेजर किंवा एफटीपी
- नोटपॅड प्लस प्लससारखा साधा एडिटर. वर्ड नको, कारण पाचव्या पायरीत कळेल
- साईटचं ॲडमिन लॉगिन आणि क्वेरी मॉनिटर हे मोफत प्लगइन
- डेटाबेस मायएसक्यूएल आहे की मारियाडीबी आणि कोणती आवृत्ती, याची नोंद. पीएचपीमायॲडमिनच्या पहिल्याच पानावर उजवीकडं दिसते
- वही. हसू नका. काय बदललं ते वेळेसकट लिहून ठेवलं नाही, तर रात्री बारा वाजता आपणच केलेला बदल आपल्याला आठवत नाही

१. जोडणी तुटली की क्वेरी चुकली?

अख्खी साईट बंद पडून पानावर "एरर एस्टॅब्लिशिंग अ डेटाबेस कनेक्शन" एवढंच दिसत असेल, तर क्वेरीच्या मागं लागू नका. डब्ल्यूपी-कॉन्फिग फाईलमध्ये डेटाबेसचं नाव, युजर, पासवर्ड आणि होस्ट अशा चार नोंदी असतात, त्या तपासा. साईट नव्या होस्टिंगवर हलवली असेल, तर बहुतेक वेळा नावातच घोळ असतो. सीपॅनलमध्ये डेटाबेसच्या आणि युजरच्या नावापुढं खात्याचं नाव आणि अंडरस्कोर लागतो, आणि आपण नुसतं मागचं नाव लिहून मोकळे होतो.

बाकी साईट ठीक आहे आणि एकच तक्ता रिकामा आहे किंवा एकच फॉर्म सेव्ह होत नाही, असं असेल तर क्वेरीकडं वळा.

लॅपटॉपवरून थेट सर्व्हरच्या डेटाबेसला जोडणाऱ्यांनी आणखी एक बघावं. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर आयपी पत्ता बदलत राहतो. काल परवानगी दिलेला पत्ता आज तुमचा नसतो. तुम्ही मात्र पासवर्ड बदलत बसता.

२. हात लावण्याआधी बॅकअप, आणि तोही पुरा

पीएचपीमायॲडमिनमध्ये डेटाबेस निवडा, एक्स्पोर्ट करा, फाईल उतरवा. हे सगळ्यांना माहीत असतं. उतरवलेली फाईल उघडून तिचा शेवट मात्र कुणी बघत नाही.

पीएचपीमायॲडमिन आधी टेबलांची रचना आणि डेटा लिहितं. प्रायमरी की (प्रत्येक ओळीची वेगळी ओळख), इंडेक्स (लवकर शोधायची सूची) आणि ऑटो इन्क्रिमेंट (नव्या ओळीला आपोआप पुढचा क्रमांक) यांच्या ओळी "ऑल्टर टेबल" म्हणून फाईलच्या अगदी शेवटी येतात. आता विचार करा. फाईल इम्पोर्ट होत असताना लाईट गेली, राऊटर बंद पडला किंवा सर्व्हरची वेळ संपली. टेबलं दिसतात, डेटा दिसतो, साईटही उघडते. पण किल्ल्या लागलेल्याच नसतात. आठ दिवसांनी कुणीतरी नवी पोस्ट टाकतं आणि ती जागेवर राहत नाही, कारण तिला क्रमांक मिळालाय शून्य. प्रायमरी की लागली असेल आणि फक्त ऑटो इन्क्रिमेंट राहिलं असेल, तर "डुप्लिकेट एंट्री शून्य फॉर की प्रायमरी" अशी त्रुटी येते.

एका शाळेच्या साईटवर हे निस्तरायला मला पूर्ण रविवार लागला होता. उपाय साधा आहे. शून्य क्रमांकाच्या ओळी आधी शोधा, त्यांना योग्य क्रमांक द्या किंवा काढून टाका, आणि मग मूळ फाईलच्या शेवटच्या ऑल्टर टेबलच्या ओळी चालवा. उलट क्रमानं गेलात, तर शून्याच्या दोन ओळी आडव्या येतात आणि की लागतच नाही.

३. चुकीला बोलतं करा

वर्डप्रेस डेटाबेसच्या त्रुटी पाहुण्यांना दाखवत नाही, ते बरोबरच आहे. पण आपल्याला त्या दिसल्या पाहिजेत. डब्ल्यूपी-कॉन्फिगमध्ये तीन नोंदी करा: डब्ल्यूपी_डीबग ट्रू, डब्ल्यूपी_डीबग_लॉग ट्रू आणि डब्ल्यूपी_डीबग_डिस्प्ले फॉल्स. तिसरी विसरलात तर त्रुटी थेट साईटवर झळकतील.

इथला नेहमीचा सापळा असा, की डब्ल्यूपी_डीबगची ओळ त्या फाईलमध्ये आधीच फॉल्स म्हणून असते. लोक खाली नवी ओळ लिहितात. पीएचपीत एकदा ठरवलेला स्थिरांक दुसऱ्यांदा बदलत नाही, पहिलाच चालू राहतो. म्हणून जुनी ओळच बदला. आणि "स्टॉप एडिटिंग" असं लिहिलेली ओळ आहे ना, आपल्या नोंदी तिच्या वर ठेवा.

आता बिघडलेलं पान पुन्हा उघडा आणि डब्ल्यूपी-कंटेंट फोल्डरमधली डीबग डॉट लॉग फाईल बघा. डेटाबेसची त्रुटी असेल, तर एकाच लांब ओळीत तीन गोष्टी मिळतात: डेटाबेसचं म्हणणं काय, कोणत्या क्वेरीबद्दल, आणि "मेड बाय" या शब्दांनंतर ती क्वेरी कोणत्या फंक्शनांच्या साखळीतून आली. लोक पहिला भाग वाचून थांबतात. मला तिसरा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण आपण ज्या प्लगइनवर आळ घेतलेला असतो त्याचं नाव बऱ्याचदा त्या साखळीत नसतंच.

४. गेलेली क्वेरी पकडा

लॉगमध्ये काही नाही आणि तक्ता तरी रिकामा? तर कोडमध्ये तुमच्या क्वेरीच्या लगेच पुढच्या ओळीवर डब्ल्यूपीडीबी ऑब्जेक्टचे (वर्डप्रेस डेटाबेसशी याच्यामार्फत बोलतं) लास्ट_क्वेरी आणि लास्ट_एरर हे दोन्ही लॉगमध्ये लिहून घ्या. "लगेच" हा शब्द महत्त्वाचा आहे. मधे दुसरी एखादी क्वेरी झाली, की दोन्हींत तिचीच माहिती येते.

कोडमध्ये हात घालायचा नसेल तर क्वेरी मॉनिटर लावा. त्या पानासाठी झालेल्या सगळ्या क्वेऱ्या, त्यांना लागलेला वेळ आणि कोणत्या प्लगइननं त्या केल्या हे वरच्या पट्टीतून दिसतं.

पाठवण्याआधीच छापून बघितलेल्या क्वेरीत टक्क्याच्या चिन्हाच्या जागी महिरपी कंसात भलीमोठी अक्षर-अंकांची माळ दिसली तर दचकू नका. साईट हॅक झालेली नाही. २०१७ मध्ये आलेल्या ४.८.३ आवृत्तीपासून वर्डप्रेस सुरक्षेसाठी टक्क्याचं चिन्ह तात्पुरतं असं झाकून ठेवतं आणि डेटाबेसकडं पाठवताना परत उघडतं. हातानं चालवून बघायची असेल तर त्या माळेच्या जागी साधा टक्का टाका.

आणखी एक. उत्तर रिकामं येणं आणि क्वेरी फसणं यात फरक करायला शिका. "क्वेरी" फंक्शनकडून फॉल्स आलं तर ती फसली. शून्य आलं तर ती व्यवस्थित चालली, पण एकाही ओळीला लागू झाली नाही. साधी जर-तर अट लावली की पीएचपी या दोन्हींना एकच समजतं. म्हणून तीन बरोबर चिन्हांची तुलना वापरा.

वर्डप्रेसऐवजी जूमला किंवा ड्रुपलवर साईट असेल तर पायऱ्या ह्याच, फक्त टेबलाची नावं वेगळी दिसतील. जूमलाच्या कोडमध्ये पुढं #__ असतं, ड्रुपलमध्ये नाव महिरपी कंसात असतं. तशीच उचलून पीएचपीमायॲडमिनमध्ये टाकली तर चालणार नाहीत, खरा प्रीफिक्स, म्हणजे टेबलाच्या नावापुढचा तुकडा, घालावा लागतो.

५. क्रमांक वाचा, रडू नका

वर्डप्रेसच्या लॉगमध्ये त्रुटीचा मजकूर येतो, क्रमांक येत नाही. पकडलेली क्वेरी पीएचपीमायॲडमिनच्या एसक्यूएल खिडकीत चालवा, म्हणजे क्रमांक दिसेल. माझ्या अनुभवात पुढचे परत परत भेटतात.

११४६, टेबल नाही. टेबल बहुतेक वेळा असतं, प्रीफिक्स वेगळा असतो. कोडमध्ये डब्ल्यूपी_ असं हातानं लिहिलेलं असतं आणि साईट बसवताना कुणीतरी प्रीफिक्स बदललेला असतो. प्रीफिक्स नेहमी डब्ल्यूपीडीबीकडून घ्या.

१०५४, कॉलम नाही. स्पेलिंग बघा. ते बरोबर असेल तर अवतरण बघा. मजकुराभोवतीचं अवतरण सुटलं, की डेटाबेस त्या शब्दाला कॉलमचं नाव समजतो.

१०६४, व्याकरणाची चूक. ही सगळ्यांना घाबरवते, पण सगळ्यात सोपी हीच. त्रुटीत "नियर" या शब्दानंतर क्वेरीचा जो तुकडा दिलेला असतो, त्याच्या अगदी सुरुवातीला किंवा त्याच्या एक शब्द आधी चूक असते. नियरनंतर काहीच नसेल, तर क्वेरी अर्ध्यात संपली आहे: एखादं व्हेरिएबल रिकामं गेलं किंवा कंस बंद झाला नाही. नियरनंतर नुसता बंद कंस असेल तर "इन" च्या कंसातली यादी रिकामी गेलेली असण्याची शक्यता फार. यादी रिकामी असताना क्वेरी पाठवूच नये, ही अट आधी लावा.

१०६४ चं, आणि कधी कधी १०५४ चंही, आपल्याकडचं मोठं कारण म्हणजे व्हॉट्सॲप आणि वर्ड. मित्रानं क्वेरी व्हॉट्सॲपवर पाठवली, तुम्ही ती वर्डमध्ये साठवली, तिथून उचलून चिकटवली. एवढ्या प्रवासात सरळ अवतरणं वाकडी, शोभेची होऊन बसतात. डोळ्याला फरक जाणवत नाही, मायएसक्यूएलला मात्र ते अवतरण वाटतच नाही. वर्ड नको म्हटलं ते यासाठी.

१०६२ म्हणजे एकच नोंद दोनदा. १२६७ म्हणजे जोडलेल्या दोन टेबलांचं कोलेशन (अक्षरं ताडून बघायचे नियम) वेगळं. जुन्या प्लगइननं केलेलं टेबल आणि वर्डप्रेसचं टेबल जॉईन करताना हे हमखास येतं. १०३० सोबत २८ आकडा दिसला तर सर्व्हरची डिस्क भरली आहे, क्वेरीला दोष देऊ नका. २००६, म्हणजे सर्व्हर निघून गेला: एकाच क्वेरीत प्रमाणाबाहेर मोठा मजकूर कोंबलाय, किंवा जोडणी उघडी ठेवून कोड दुसरंच काम करत बसलाय.

६. त्रुटी नाही, तरी उत्तर चूक

इथं सगळ्यात जास्त वेळ जातो, आणि इंग्रजीतल्या मार्गदर्शकांत यातलं फारसं सापडत नाही, कारण ही दुखणी देवनागरीची आहेत.

*मराठी आकडे.* मुनीमकाकांच्या शून्याचं रहस्य हेच. त्यांनी नवा मोबाईल घेतला होता आणि त्यात मराठी कीबोर्ड लावला होता. भावाच्या चौकटीत ते ४६५० असं देवनागरी आकड्यांत लिहू लागले. माझ्या कोडमध्ये भावासाठी टक्का-डी हे पूर्णांकाचं चिन्ह होतं. पीएचपीला देवनागरी आकडा म्हणजे आकडा वाटत नाही, त्यामुळं त्याचं पूर्णांकात रूपांतर झालं शून्य. क्वेरी बिनतक्रार चालली आणि शून्य साठवलं गेलं. मी दोन रात्री दाखवणारी क्वेरी तपासत होतो, घोटाळा साठवणाऱ्या क्वेरीत होता. साठवण्याआधी दहा आकड्यांची अदलाबदल करणारी एक ओळ घातली, प्रश्न मिटला. गेलेले भाव मात्र डेटाबेसमधून परत येणार नव्हते. काकांनी लाल वही काढली आणि पाच दिवसांचे भाव फोनवर वाचून दाखवले. "म्हणून म्हणतो सर, वही असू द्यावी."

*स्लग.* मराठी शीर्षकाची पोस्ट टाकली की वर्डप्रेस तिचा स्लग, म्हणजे पत्त्यातलं पोस्टचं नाव, डेटाबेसमध्ये देवनागरीत ठेवत नाही, टक्क्याच्या चिन्हांत बदलून ठेवतं. देवनागरीतलं एकेक अक्षरचिन्ह तिथं नऊ जागा खातं. मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. "सोयाबीन" या शब्दाला सात चिन्हं, म्हणजे ६३ जागा. स्लगचा कॉलम २०० जागांचा. हिशेब करा, २२ चिन्हांच्या पुढं मराठी स्लग मावतच नाही. म्हणून लांब शीर्षकांचे पत्ते अर्धवट दिसतात. आणि म्हणूनच, पोस्ट_नेम बरोबर "सोयाबीन" अशी अट लिहिली तर शून्य ओळी मिळतात. शब्द आधी सॅनिटाइझ_टायटल मधून काढा आणि मग अटीत द्या. तो शब्द प्रिपेअरच्या (किमती सुरक्षितपणे क्वेरीत बसवणारं फंक्शन) क्वेरीत सरळ चिकटवू मात्र नका. स्लगमधला एखादा टक्का प्रिपेअरला आपलाच वाटू शकतो आणि नवा गोंधळ सुरू होतो.

*एकच शब्द, दोन लेखनं.* "शेतकऱ्यांसाठी" हा शब्द शोधलात, सापडला नाही, पण डोळ्यांसमोर पानावर आहे. ऱ्य हे दोन प्रकारे टाईप होतं: काही कीबोर्ड ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरतात, काही साध्या र ला हलन्त देऊन पुढं एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, डेटाबेसमध्ये वेगळी. क्वेरीतलं "लाईक" (मजकुरात शब्द शोधणारी अट) अक्षराला अक्षर ताडून बघतं, त्यामुळं चुकामूक होते. संशय आला तर हेक्स फंक्शन लावून दोन्ही ओळींचे बाइट शेजारी शेजारी ठेवून बघा. कायमचा उपाय म्हणजे साठवताना आणि शोधताना दोन्हीकडं एकच रूप करून घेणं.

*नाव बदललेले जिल्हे.* २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं. एका साईटवर जुन्या नोंदी उस्मानाबाद, नव्या धाराशिव, आणि मधल्या काही जणांनी दोन्ही नावं तिरप्या रेघेनं लिहिलेली. जिल्ह्यावर अट लावलेली क्वेरी त्रुटी देत नाही, नुसतं कमी उत्तर देते, आणि कमी उत्तर कुणाच्या लक्षात येत नाही. जिल्ह्यासाठी मोकळी चौकट ठेवूच नका. जिल्ह्यांचं वेगळं टेबल करा आणि नोंदीत फक्त क्रमांक ठेवा. नाव बदललं तर एकाच ठिकाणी बदलेल.

*प्रश्नचिन्हं.* मराठी मजकुराच्या जागी विचित्र परकी अक्षरं दिसत असतील तर जीव भांड्यात पडू द्या, डेटा बहुतेक शाबूत आहे, जोडणीचा कॅरेक्टर सेट चुकलाय. पण टेबलातच नुसती प्रश्नचिन्हं साठवलेली असतील तर मूळ मजकूर गेला, तो बॅकअपमधूनच आणावा लागेल. टेबलं यूटीएफ८एमबी४ मध्ये ठेवा. नुसतं यूटीएफ८ म्हणजे मायएसक्यूएलमध्ये तीन बाइटांचं. मराठी अक्षरं त्यात मावतात, इमोजी मावत नाही, कारण त्याला चार बाइट लागतात. अभिप्रायाच्या फॉर्ममध्ये मराठी लिहिलं की सेव्ह होतं आणि खाली हात जोडल्याचा इमोजी टाकला की होत नाही, अशी तक्रार आली तर समजून जा.

७. पीएचपीमायॲडमिनमध्ये एक, साईटवर दुसरंच

तीच क्वेरी दोन ठिकाणी वेगळी वागते, याला कारण आहे. वर्डप्रेस जोडणी करताना मायएसक्यूएलचे कडक नियम बंद करून टाकतं, पीएचपीमायॲडमिन तसं करत नाही. त्यामुळं लांब मजकूर किंवा चुकीची किंमत तिकडं त्रुटी देते आणि साईटवर गुपचूप कापली जाते.

ग्रुप बाय, म्हणजे ओळींचे गट करणाऱ्या क्वेरीत हा फरक महागात पडतो. मायएसक्यूएल ५.७ पासून, ग्रुपमध्ये नसलेला कॉलम नुसताच मागितला तर १०५५ क्रमांकाची त्रुटी येते. वर्डप्रेसमध्ये येत नाही, उत्तर मिळतं. पण कसलं उत्तर? समजा प्रत्येक तालुक्यातला सर्वाधिक भाव आणि तो देणाऱ्याचं नाव मागितलं. औशाचा सर्वाधिक भाव बरोबर येईल, नाव मात्र औशातल्या कुठल्याही ओळीचं उचललं जाईल. साईटवर चालतंय म्हणून सोडू नका. पीएचपीमायॲडमिननं १०५५ दाखवली असेल तर तिचं ऐका.

आणि हो, तिथं सिलेक्ट चालवलं की मुळात २५ ओळीच दिसतात. "माझा डेटा कुठं गेला" म्हणून घाबरून फोन करणारे मला दोन-तीन जण तरी भेटलेत.

८. लॅपटॉपवर चाललं, सर्व्हरवर नाही

विंडोजवर टेबलाच्या नावात लहान-मोठी लिपी सारखीच धरली जाते, लिनक्स सर्व्हरवर नाही. लॅपटॉपवर झॅम्पमध्ये (आपल्याच मशीनवर सर्व्हर चालवणारं सॉफ्टवेअर) बिनदिक्कत चाललेली क्वेरी सर्व्हरवर ११४६ देते ती यामुळं. टेबलांची नावं कायम लहान लिपीत ठेवा.

दुसरं कारण आवृत्ती. मायएसक्यूएल ८ मध्ये "रँक" आणि "ग्रुप्स" हे राखीव शब्द झाले. शाळेच्या निकालाच्या टेबलात रँक नावाचा कॉलम असतोच! होस्टिंगनं सर्व्हर अद्ययावत केला की रात्रीतून १०६४ सुरू. कॉलमच्या नावाभोवती उलटा टिचका, म्हणजे कीबोर्डवर एकच्या डावीकडची खूण, घाला. किंवा नावच बदला. शिवाय झॅम्पमध्ये मारियाडीबी येतं. मायएसक्यूएल ८ मधून काढलेली फाईल जुन्या मारियाडीबीत घालताना "अननोन कोलेशन" येतं. त्या फाईलमध्ये यूटीएफ८एमबी४_०९००_एआय_सीआय हे कोलेशन शोधून त्या जागी यूटीएफ८एमबी४_युनिकोड_सीआय असं बदललं की काम होतं.

९. दुरुस्ती करताना

बाहेरून आलेली प्रत्येक किंमत प्रिपेअरमधून पाठवा. मजकुराला टक्का-एस, पूर्णांकाला टक्का-डी, दशांशाला टक्का-एफ. टक्का-एसभोवती स्वतःची अवतरणं लावू नका, ते काम प्रिपेअरचं. लाईकसाठी शब्द आधी ईएससी_लाईक मधून काढा, त्याच्या दोन्ही बाजूंना टक्के जोडा आणि ते सगळं मिळून एक किंमत म्हणून द्या.

वर्डप्रेसच्या मूळ फाईलींत किंवा दुसऱ्याच्या प्लगइनमध्ये बदल करू नका. पुढच्या अपडेटला तो पुसला जातो आणि सहा महिन्यांनी तीच त्रुटी घेऊन तोच माणूस फोन करतो. स्वतःचं छोटं प्लगइन करा.

डेटा सुधारायचा असेल तर अपडेटच्या आधी त्याच अटीचं सिलेक्ट चालवा आणि ओळी मोजा. पाच अपेक्षित आहेत आणि पाचशे आल्या, तर हात तिथंच थांबेल. "व्हेअर" विसरून अपडेट चालवलेला माणूस पुन्हा कधी विसरत नाही, पण तो अनुभव तुम्ही घ्यायलाच पाहिजे असं काही नाही.

दुरुस्ती झाली तरी पान जुनंच दिसत असेल, तर कॅशे प्लगइन रिकामं करा आणि खासगी खिडकीत उघडून बघा.

१०. आवराआवर

डब्ल्यूपी_डीबग पुन्हा फॉल्स करा. लॉगिंगसाठी कोडमध्ये टाकलेल्या ओळी काढा. क्वेरी मॉनिटर बंद करा. टेबल दुरुस्तीसाठी डब्ल्यूपी_अलाऊ_रिपेअर चालू केलं असेल तर ती ओळ आजच काढा, कारण ते दुरुस्तीचं पान लॉगिन न करताही कुणालाही उघडता येतं.

आणि डीबग डॉट लॉग फाईल पुसायला विसरू नका. ती डब्ल्यूपी-कंटेंटमध्ये असते आणि बऱ्याच सर्व्हरवर पत्ता टाकला की ब्राउझरमध्ये सरळ उघडते, आत तुमच्या टेबलांची नावं आणि क्वेऱ्यांत गेलेले लोकांचे फोन नंबर.